'कलम' टंक आणि हस्ताक्षराचा आभास : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

हस्ताक्षराचा आभास निर्माण करणाऱ्या टंकास केवळ 'सुबक' म्हणणे समीक्षेच्या दृष्टीने अपुरे ठरते. हाताच्या लेखनातील कोणता गुण त्याने स्वीकारला व कोणता सोडला, हा खरा प्रश्न होय. लिपी रावल व जॉनी पिनहॉर्न यांनी आरेखित केलेला, इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हा टंक २०१४ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

रोमन लिपीच्या वळणदार टंकात अक्षरे पायाशी जोडली जातात. देवनागरीत ती शिरोरेषेवर लोंबतात. त्यामुळे देवनागरीतील ओघ कोठे दाखवावा, ही अडचण मूलभूत आहे. मोडीने ती आपल्या परीने सोडविली होती. ओळभर शिरोरेषा आधी ओढायची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे लिहीत जायचे. 'कलम' हा मार्ग स्वीकारत नाही. तो अक्षरांना तिरपेपणा देतो, शेवटे मोकळी ठेवतो. बोरूच्या तासलेल्या टोकातून येणारा जाड-बारीकपणा त्यात ठळक नाही. त्याचा आदर्श आधुनिक पेन आहे. ही निवड प्रामाणिक आहे. निमंत्रणपत्रिका, पुस्तकातील टीप, मुलांच्या गोष्टीतील पत्र अशा ठिकाणी ती शोभते.

मर्यादा पुनरावृत्तीत दिसते. 'दादा' या शब्दातील दोन्ही 'द' तंतोतंत सारखे उमटतात. कोणताही हात असे लिहीत नाही. पेण व हमरापूर येथील कारखान्यांत साच्यातून निघालेल्या गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी हाताने होते, आणि एकाच साच्याच्या दोन मूर्तींची नजर तेथेच वेगळी होते. टंकात पर्यायी अक्षराकृती योजून हा दोष कमी करता येतो. परंतु जोडाक्षरांसह हजाराच्या घरात जाणाऱ्या देवनागरी आकृत्यांत हे श्रम फार वाढतात.

फलकाची गोष्ट निराळी. कोकण रेल्वेचा प्रारंभ जेथून होतो त्या रोह्यासारख्या स्थानकावरील नाव धावत्या गाडीतून वाचले जाते. तेथे पेनाचे वळण दुबळे पडते, कुंचल्याचे टिकते. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांपासून स्फूर्ती घेतलेला 'यात्रा वन' हा टंक या कामी अधिक समर्थ वाटतो. दुकानाच्या पाटीवर 'कलम' वापरणारा संकल्पक पत्राचा आवाज बाजारात लावतो, असे म्हणावे लागेल.

आणखी एक कसोटी मराठी वाचकाने सोडू नये. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही रूपे प्रमाण मानली. अनेक देवनागरी टंकांत मूळ आकृती हिंदी वळणाची असते आणि मराठी रूप भाषेची निवड केल्यावरच, तेही असल्यास, प्रकटते. हस्ताक्षरी टंकात ही उणीव अधिक खुपते, कारण तेथे दावाच मुळी कोणाच्या तरी हाताचा असतो. 'अलिबाग' किंवा 'काशीद' ही नावे रायगडातील माणूस शाळेत ज्या वळणाने गिरवतो, त्या वळणाने ती छापली जात आहेत की नाहीत, हे पत्रिका छपाईस देण्यापूर्वी मुद्रिताच्या पहिल्या प्रतीतच तपासून घ्यावयास हवे.