नाव, निरीक्षण आणि निष्कर्ष : किहीमच्या सुगरण पक्ष्यांपासून पर्यावरणशिक्षकाने घ्यावयाचा बोध

१

पर्यावरणशिक्षणाच्या चर्चेत डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव बहुधा आदरापोटी घेतले जाते. त्यांच्या अध्यापनदृष्टीची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. ही दृष्टी शोधावयाची ती त्यांच्या कार्यपद्धतीत, ग्रंथांच्या मांडणीत आणि त्यांच्या शिष्यांच्या संशोधनात. या शोधाला रायगडच्या किनाऱ्यावरील किहीम या गावाइतका चांगला आधार दुसरा नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांमुळे पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर अनिवार्य होण्याची वाट मोकळी झाली. विषय आला आणि त्याबरोबर त्याचा एक साचाही आला : प्रथम व्याख्या, मग प्रकार, मग कारणे, शेवटी उपाय. या क्रमात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि पाहण्याची कृती, झालीच तर, निष्कर्षाच्या पुष्टीपुरती होते. किहीमच्या अभ्यासाचा क्रम याच्या नेमका उलट आहे आणि तोच येथे विचारार्थ घेतला आहे.

२

अली १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक-व्याख्याते झाले. संग्रहालय पाहावयास येणाऱ्यांना काचेमागील पक्ष्यांविषयी सांगणे हे त्यांचे काम. दोन वर्षांतच या कामाला कंटाळून ते रजा घेऊन जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे राहावयास गेले. (१९८१ पासून हा जिल्हा रायगड या नावाने ओळखला जातो.)

तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बर्लिनहून शिकून आलेल्या मनुष्याने दुर्मिळ पक्ष्याच्या शोधात दूर जावे, हे स्वाभाविक ठरले असते. अलींनी १९३० च्या पावसाळ्यात या अतिपरिचित पक्ष्याकडे महिनोन्‌महिने पाहिले आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. जे झाड गावातील प्रत्येकाच्या नजरेखालचे होते, त्याच झाडावरून पक्षिशास्त्राला एक नवी गोष्ट मिळाली.

ती अशी. घरटे विणतो तो नर. घरटे अर्धे झाले, म्हणजे माद्या येतात, आत शिरून ते पारखतात. एखादीने पसंत केले, तर जोडी जमते. नर बोगद्यासारखी प्रवेशनळी विणून घरटे पुरे करतो आणि लगोलग दुसरे बांधावयास घेतो. एकाच हंगामात एका नराशी अशा रीतीने एकामागून एक माद्या जोडी करतात. पसंत न पडलेले घरटे अर्धवट लोंबकळत राहते. पूर्वीचे निरीक्षक अशा अर्धवट घरट्यांना नराचे झोपाळे समजत असत. अलींच्या निरीक्षणाने त्यांचा उलगडा झाला.

३

भाषेच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटेल. मराठीत हा पक्षी ‘सुगरण’. ‘सुगृहिणी’शी नाते सांगणारा हा स्त्रीलिंगी शब्द स्वयंपाकघरात निपुण असलेल्या स्त्रीलाही लागतो. नाव ठेवताना समाजाने केवळ पक्षी दाखवला नाही, एक अनुमानही त्यात साठवून ठेवले : घर नेटके आहे, अर्थी ते गृहिणीनेच केलेले असणार. प्रत्यक्षात विणीच्या हंगामात नराचा माथा पिवळाधमक असतो. विणणारा पक्षी कोणता, हे जमिनीवरूनही ओळखता येण्याजोगे आहे. तरीही नावातील अनुमान डोळ्यांवर मात करीत आले.

येथे लोकभाषेला दोष देण्याचे कारण नाही. बहिणाबाई चौधरी यांनी सुगरणीच्या खोप्यावर लिहिलेल्या कवितेचे सत्य मातेच्या कष्टांचे आहे. पक्षिशास्त्राने ते खोटे ठरत नाही. अडचण उत्पन्न होते ती शिक्षक त्या कवितेचाच निसर्गपाठ करतो तेव्हा. कविता आणि झाड ही दोन्ही विद्यार्थ्यापुढे यावीत आणि दोहोंतील अंतर त्याचे त्याला दिसावे, हा खरा पाठ. तो घेतला, तर विद्यार्थी पक्ष्याविषयी शिकतो आणि आपल्या भाषेविषयीही.

४

अलींच्या ग्रंथलेखनातही हीच दृष्टी आहे. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (१९४१) या पुस्तकात पक्ष्याचा आकार सांगताना चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांचे माप वापरले आहे : अमुक पक्षी मैनेएवढा, तमुक चिमणीहून लहान. वाचकाजवळ आधीपासून असलेले ज्ञान हेच येथे मोजपट्टीचे काम करते. परिभाषेच्या आधी परिचय, असे हे अध्यापनसूत्र आहे. पुढे एस. डिलन रिप्ली यांच्यासह सिद्ध केलेल्या दहा खंडांच्या ‘हँडबुक’मध्ये (१९६८–१९७४) पक्ष्यांच्या देशी भाषांतील नावांचीही नोंद आहे, हे याच संदर्भात लक्षात घ्यावे.

या पद्धतीचे मूळ अलींच्या स्वतःच्या शिक्षणात आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन ते सोसायटीत गेले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी ती ओळखून दिली आणि एवढ्यावर न थांबता पक्ष्यांच्या संग्रहाचे कप्पे मुलापुढे उघडले. एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आलेला मुलगा अनेक प्रश्न घेऊन परतला. पुढे अलींचे शिष्य व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरण कुलातील पक्ष्यांच्या प्रजननावर संशोधन केले आणि १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गुरूने तीन दशकांपूर्वी उत्तर शोधलेला विषय शिष्याला पुन्हा पाहण्याजोगा वाटला, यातच त्या शिकवणीचे यश आहे.

५

तथापि हा आदर्श जसाच्या तसा उचलता येणार नाही. अलींचे पक्षिज्ञान बंदुकीने सुरू झाले आणि शास्त्रीय संग्रहासाठी पक्षी मारणे त्यांनी त्याज्य मानले नाही. आजच्या विद्यार्थ्यापुढे तो मार्ग ठेवता येत नाही. शिवाय नोकरी गेलेल्या पण किनाऱ्यावर घर लाभलेल्या अभ्यासकाला मिळालेला अखंड वेळ तासिकांच्या वेळापत्रकात बसत नाही. त्यांचे मुख्य लेखन इंग्रजीत असल्याने किहीमच्या झाडावर जे दिसले, ते किहीमच्या शाळेत मराठीतून पोहोचविण्याचे कामही इतरांवर पडले.

या मर्यादा मान्य करूनही जे उरते ते थोडे नाही. पहिले, विषय जवळचा असावा. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याची (स्थापना १९६८) एक दिवसाची सहल करावी. पण शाळेच्या कुंपणावरील शिंदीचे झाड जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा पाहण्याने जे कळते, ते सहलीने कळत नाही. दुसरे, नाव सांगून पाठ संपू नये. नावात कोणते अनुमान दडले आहे, ते तपासण्यापासून पाठ सुरू व्हावा. तिसरे, अपुरे राहिलेले उदाहरण टाकून देऊ नये. वर्गात टांगलेले पूर्ण घरटे शोभेची वस्तू ठरते. अर्धे घरटे विद्यार्थ्याला ‘हे असेच का सोडले?’ असे विचारावयास लावते.

‘निसर्गाचे रक्षण करा’ हे वाक्य परीक्षेत अचूक लिहिणे सोपे आहे. परंतु ज्या भाताच्या पात्याचे धागे सुगरण विणते, ते शेत आणि ज्यावर ती घरटे टांगते, ते झाड बांधकामासाठी गेले, तर काय गेले, हे त्या वाक्याने समजत नाही. ते समजेल तर एक पावसाळाभर त्या झाडाखाली उभे राहिलेल्या विद्यार्थ्यालाच. पर्यावरणशिक्षकाने आपल्या यशाची कसोटी तेथेच लावून पाहावी.