तारुण्याचे पाणी आणि जराधम्म : ‘कोकून’ या चित्रपटाचे पुनरवलोकन

जरा टळावी, निदान लांबावी, ही मनुष्याची फार पुरातन इच्छा आहे. तिच्यापायी कोणी रसायने घोटली, कोणी कायाकल्पाचे प्रयोग केले, कोणी अमृताच्या कथा रचल्या. आधुनिक काळात हीच इच्छा विज्ञानकथेचा वेष घेऊन येते. रॉन हॉवर्ड दिग्दर्शित ‘कोकून’ हा १९८५ सालचा अमेरिकन चित्रपट याच जातीचा होय. त्यात युद्ध नाही, संहार नाही, परग्रहावरून आलेले पाहुणेदेखील सौम्य आणि सुशील आहेत. विद्यार्थिदशेत हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा ‘भवतण्हेचे गोंडस समर्थन’ असा शेरा वहीत लिहून मी मोकळा झालो होतो. आज, चित्रपटास चाळीस वर्षे होऊन गेल्यावर आणि माझीही चाळिशी उलटल्यावर तो पुन्हा पाहिला. पूर्वीचा शेरा खोटा नव्हता. पण तो अपुरा होता, असे आता वाटते.

कथानक थोडक्यात असे. स्थळ फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग. १५१३ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पॉन्से द लेऑन या स्पॅनिश दर्यावर्दीच्या नावाशी चिरतारुण्याच्या झऱ्याची आख्यायिका पुढे जोडली गेली. तेव्हा कथेसाठी ही भूमी सहेतुक निवडली असावी. तेथील एका वृद्धनिवासातील बेन, आर्ट आणि जो हे तीन मित्र शेजारच्या रिकाम्या बंगल्यातील पोहण्याच्या तलावात चोरून डुंबत असतात. तो बंगला वॉल्टर नावाचा एक गृहस्थ भाड्याने घेतो. वॉल्टर व त्याचे सोबती वस्तुतः अँटेरिया ग्रहावरील जीव आहेत. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर मागे राहिलेले त्यांचे बांधव समुद्रतळाशी कोशांत निद्रिस्त आहेत. ते कोश वर काढून तलावात ठेवले जातात आणि त्यांच्या पोषणार्थ पाण्यात जीवनशक्ती भारली जाते. त्या पाण्यात पोहून म्हाताऱ्यांच्या अंगी तारुण्य संचारते, बेनची दृष्टी सुधारते, जोचा कर्करोग ओसरतो.

चित्रपटाचे बलस्थान त्याच्या चमत्कारात नाही, चेहऱ्यांत आहे. डॉन अमिची, ह्यूम क्रोनिन, जेसिका टँडी, जॅक गिलफोर्ड या मुरलेल्या नटनट्यांना सुरकुत्यांसह पडद्याच्या मध्यभागी आणण्याचे धैर्य दिग्दर्शकाने दाखविले आहे. १९०८ साली जन्मलेल्या अमिची यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. गंमत अशी की, आजोबा झालेले विल्फर्ड ब्रिमली चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अवघे पन्नास वर्षांचे होते. म्हातारपण काही अंशी शरीरावर येते आणि काही अंशी ते समाजाकडून अंगावर चढविले जाते, हे सत्य या पात्रयोजनेतून नकळत प्रकट झाले आहे. दृष्टी अधू झाली म्हणून बेनला वाहन चालविण्याचा परवाना नाकारला जातो, त्या प्रसंगी त्याच्या मुद्रेवर उमटते ते दुःख डोळ्यांचे नाही; ‘आता आपला उपयोग संपला’ या जाणिवेचे आहे.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागतांनी तीन मद सांगितले आहेत : योब्बनमद, आरोग्यमद आणि जीवितमद. आपण स्वतः जराधम्मी असूनही जराजीर्ण माणसाची किळस करावी, हे पहिल्या मदाचे लक्षण. जो या पात्राच्या ठिकाणी पहिले दोन मद स्पष्ट दिसतात. व्याधी ओसरताच त्याच्यातील जुना रंगेलपणा जागा होतो आणि पत्नी अल्मा दुखावली जाते. तारुण्य परत आले, पण त्यासोबत शहाणपण आले नाही. पटकथाकाराने हे दाखविले, याचे श्रेय त्यास दिले पाहिजे.

परंतु चित्रपटाचा खरा नैतिक पेच पुढे आहे, आणि पहिल्या वेळी तोच माझ्या नजरेतून निसटला होता. पाण्यातील शक्ती म्हाताऱ्यांसाठी नव्हतीच. ती कोशांतील जीवांसाठी होती. तिघांना वॉल्टरने गुप्ततेच्या अटीवर परवानगी दिली होती. पुढे बर्नीच्या तोंडून गुपित फुटते आणि वृद्धनिवासातील सारे रहिवासी तलावावर लोटतात. पाणी निःसत्त्व होते, एक कोश इजा होऊन उघडावा लागतो आणि आतील जीव वॉल्टरच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. उरलेले कोश प्रवास सोसू शकणार नाहीत, म्हणून त्यांना पुन्हा समुद्रात सोडावे लागते. त्यांची सुटका पुन्हा लांबते. एकाचे तारुण्य दुसऱ्याच्या आयुष्यातून उपसले गेले. पालि परिभाषेत यास अदिन्नादान म्हणतात; त्याचे पर्यवसान प्राणहानीत झाले, इतकेच. त्या गर्दीत कोणी दुष्ट नाही, सगळे गरजू आहेत, म्हणूनच हा प्रसंग अंतःकरणास अधिक बोचतो. याच मुद्द्यावर चित्रपटाने थांबावयास हवे होते. तो थांबत नाही. वॉल्टर क्षमा करतो, एवढेच नव्हे तर वृद्धांना आपल्या ग्रहावर नेण्यास निघतो. नुकसान ज्यांचे झाले त्यांनीच वर देणगी द्यावी, ही सोय कथेने फार सहज करून घेतली आहे.

यातून वेगळा उभा राहतो तो बर्नी. निसर्गाच्या क्रमात ढवळाढवळ नको म्हणून तो पाण्यात उतरत नाही. त्याची पत्नी रोझ हिची स्मृती ढळू लागली आहे. ती निवर्तल्यावर मात्र तिला दोन्ही हातांवर उचलून तो तलावाकडे धावतो. पण तोवर पाण्यात काहीच उरलेले नसते. हा प्रसंग बर्नीच्या हट्टास झालेली शिक्षा म्हणून वाचता येईल. मला तो किसा गोतमीच्या कथेजवळ जाणारा वाटतो. मृत देह उचलून औषध शोधीत हिंडणाऱ्या त्या मातेला तथागतांनी औषध दिले नाही, मोहरी आणावयास पाठविले. बर्नीला मोहरी मागावयास लावणारा कोणी भेटत नाही. त्याला केवळ ‘उशीर झाला’ एवढेच सांगितले जाते.

संयुत्त निकायातील जरासुत्तात आनंद वृद्ध भगवंतांचे अंग चोळीत असता त्वचेवरील सुरकुत्या आणि पुढे वाकलेला देह पाहून चकित होतो, आणि भगवंत ‘असेच असते’ अशा अर्थाचे उत्तर देतात. तेथे कोणताही चमत्कार नाही. एक म्हातारा देह आहे आणि त्याची सेवा करणारे दोन हात आहेत. ‘कोकून’मध्ये नेमके हेच हात कमी पडतात. मुलेबाळे भेटीस येतात नि जातात. मनापासून जडलेला जीव फक्त नातू डेव्हिडचा. अखेरच्या पाठलागात तोच समुद्रात उडी घेतो आणि त्याला वाचविण्यासाठी पाठलागाची नौका थांबते.

येथे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत उपस्थित केलेला प्रश्न आठवल्यावाचून राहत नाही. म्हातारा, आजारी आणि मृत माणूस दिसला म्हणून सिद्धार्थाने गृहत्याग केला, हे परंपरागत कारण त्यांना पटले नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला ही दृश्ये आधी दिसली नसतील कशी, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. त्यांनी प्रव्रज्येचे मूळ शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील कलहात दाखविले. दुःख देहाचे असते तसे माणसामाणसांतील व्यवस्थेचेही असते, हा त्याचा मथितार्थ. या दृष्टीने पाहता ‘कोकून’मधील अर्धे दुःख देहाचे आहे, त्यावर पाणी हा उपाय सापडतो. उरलेले अर्धे एकाकीपणाचे आणि निरुपयोगी ठरविले जाण्याचे आहे. त्यावर पटकथेला पृथ्वीवर उपायच सापडत नाही, म्हणून ती माणसांनाच पृथ्वीवरून उचलून नेते. रोहिणीच्या काठी प्रश्न होता तोच या तलावाकाठी आहे : थोडे पाणी, गरजू अनेक, आणि वाटून घेण्याची रीत कोणाजवळ नाही.

अँटेरियावर रोग नाही, जरा नाही, मरण नाही. आपल्या निकायांतील देवलोकही दीर्घायुषी आहेत, परंतु तेथूनही च्युती होतेच. १९८८ सालच्या उत्तरार्धपटाने, ‘कोकून : द रिटर्न’ने, जणू हीच शंका मान्य केली. त्यात हे वृद्ध पृथ्वीवर भेटीस येतात आणि काही जण नातवंडांसाठी येथेच राहणे पत्करतात. जो तर मरणोन्मुख अल्माला आपली उरलेली जीवनशक्ती देऊन स्वतः मरण स्वीकारतो. कलाकृती म्हणून तो चित्रपट पहिल्याहून फिका आहे. तथापि पहिल्यात जे घेतले गेले, ते दुसऱ्यात दिले गेले, हे महत्त्वाचे.

माझ्या वहीतला तो शेरा मी आता खोडलेला नाही, त्याखाली एक वाक्य जोडले आहे : या चित्रपटातील म्हाताऱ्यांना अमरत्व हवे होते असे नव्हे, आपण कोणाला तरी हवे आहोत, एवढेच त्यांना हवे होते. ते देण्यासाठी परग्रहावरून कोणी येण्याची गरज नाही. आपल्या घरांत, वस्त्यांत आणि विहारांत जे वृद्ध भिंतीला टेकून बसलेले असतात, त्यांच्याजवळ जाऊन बसणे आपल्याच हाती आहे.