‘क्रास्नी’ : सुंदर की लाल?

मॉस्कोच्या ‘क्रास्नाया प्लोश्चद’ला आपण मराठीत ‘लाल चौक’ म्हणतो. क्रेमलिनच्या तांबड्या भिंती, लेनिनची समाधी आणि सोव्हिएत संचलने डोळ्यांसमोर असल्याने या नावाविषयी कोणाला शंका येत नाही. पण ते रूढ झाले सतराव्या शतकात, म्हणजे लाल बावट्याच्या कितीतरी आधी. त्या काळच्या रशियन माणसाला त्यात प्रामुख्याने ‘सुंदर चौक’ हाच अर्थ दिसत असे.

‘क्रास्नी’ हे विशेषण ‘क्रसा’ म्हणजे सौंदर्य या नामापासून आले. जुन्या रशियनमध्ये त्याचा अर्थ देखणा, उत्तम असा होता. लाल रंगासाठी वेगळा शब्द होता : ‘चेर्व्ल्योनी’. त्याच्या मुळाशी ‘चेर्व’ म्हणजे किडा आहे, कारण तांबडा रंग विशिष्ट किड्यांपासून काढीत. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपला ‘किरमिजी’ही किड्याचाच रंग, आणि त्यामागच्या ‘किर्मिज’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘कृमि’शी लावले जाते.

शेजारच्या भाषा पाहिल्या म्हणजे रशियनचे वेगळेपण कळते. पोलिश, युक्रेनी, बल्गेरियन या भाषांत लाल रंगाचा रोजचा शब्द आजही किड्याच्या कुळातला आहे. चेकमध्ये तर ‘क्रास्नी’ म्हणजे अजूनही सुंदरच. रशियनमध्ये मात्र सुंदर वस्तूचे विशेषण हळूहळू लाल वस्तूचे झाले आणि सौंदर्याचे काम ‘क्रसीवी’ व ‘प्रिक्रास्नी’ या त्याच्याच भावंडांकडे गेले. असे स्थलांतर आपल्याकडेही घडले आहे. ‘रक्त’ म्हणजे मुळात रंगवलेले. पण रंग म्हटला की तांबडाच, म्हणून पुढे तो शब्द लाल रंगाचा झाला.

अर्थाचा हा जुना थर रशियन व्याकरणानेही जपला आहे. रशियन विशेषणाची रूपे दोन प्रकारची असतात. दीर्घ रूपे ‘तांबडा, तांबडी, तांबडे’प्रमाणे लिंगानुसार बदलतात : क्रास्नी, क्रास्नाया, क्रास्नोये, आणि अनेकवचनी क्रास्निये. ऱ्हस्व रूपे ‘क्रासेन, क्रस्ना’ अशी असून ती फक्त विधेयात येतात. रोजच्या बोलण्यात रंग सांगायला ती क्वचितच वापरतात. म्हणींत मात्र ती टिकून आहेत. कर्जाला शोभा फेडीने, अशा आशयाच्या म्हणीत ‘क्रासेन’ आहे. घराची शोभा कोपऱ्यांत नसते, भाजलेल्या पिरोगांत असते, असे सांगणाऱ्या म्हणीत ‘क्रस्ना’ आहे. या ठिकाणी कोशातला ‘लाल’ घातला तर वाक्याचा अर्थच लागणार नाही.

रूढ शब्दप्रयोगांत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘क्रास्नाया त्सेना’ म्हणजे लाल किंमत नव्हे, तर एखाद्या वस्तूला फार तर देता येईल अशी किंमत. परिच्छेदाची पहिली ओळ ‘क्रास्नाया स्त्रोका’ म्हटली जाते ती मात्र हस्तलिखितांतल्या खऱ्या लाल शाईमुळे. ‘क्रास्नाया रीबा’चे उदाहरण अधिक बोलके आहे. पूर्वी ते नाव स्टर्जनसारख्या उंची माशाचे होते. त्याचे मांस काही लाल नसते. आज बाजारात त्याच नावाने तांबूस मांसाचा सामन विकला जातो. नाव तेच राहिले आणि लोकांनी त्याला नव्या अर्थाचा मासा जोडून दिला.

म्हणूनच, ‘लाल चौक’ हा निव्वळ चुकीचा अनुवाद आहे, असे म्हणणेही पटत नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आजचा रशियन माणूस ‘क्रास्नाया’ ऐकतो तेव्हा त्याला लालच आठवतो. श्रीनगरच्या लाल चौकाचे नाव मॉस्कोवरून पडले तेव्हा सौंदर्य वाटेतच गळाले होते. पण म्हणून ते नाव खोटे ठरत नाही.

खरा तोटा होतो तो ‘क्रास्नी उगोल’सारख्या ठिकाणी. रशियन शेतकऱ्याच्या घरात भट्टीच्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यात पवित्र प्रतिमा मांडलेल्या असत. मानाचा पाहुणा तिथेच बसे. हा ‘क्रास्नी उगोल’, म्हणजे घरातला देखणा, मानाचा कोपरा. क्रांतीनंतर कारखान्यांत, बराकींत, वसतिगृहांत वाचनाच्या आणि प्रचाराच्या खोल्या निघाल्या. तिथे लेनिनची तसबीर आली आणि नाव पडले ‘क्रास्नी उगोलोक’. क्रांतीचा लाल रंग पश्चिम युरोपातल्या चळवळींतून आला होता; शब्द मात्र देवाच्या कोपऱ्यातला होता.

मराठीत दोन्हींना ‘लाल कोपरा’ म्हटले, तर पहिल्या कोपऱ्यात विनाकारण पक्ष शिरतो आणि दुसऱ्यातून देव्हारा नाहीसा होतो. एका श्रद्धेची जागा दुसऱ्या श्रद्धेने कशी घेतली, हे रशियन वाचकाला एका विशेषणातून उमगते. आपल्या वाचकाला त्याची चाहूलही लागत नाही. पहिल्याला ‘मानाचा कोपरा’ आणि दुसऱ्याला ‘लाल कोपरा’ म्हणावे, आणि मूळ शब्द एकच आहे हे अनुवादकाने एका ओळीत सांगून टाकावे. मजकुराचा ओघ क्षणभर अडेल. पण त्या ओळीविना त्या घरात काय बदलले, हे कळायचे नाही.