संतसाहित्याचे अध्यापन, धर्मशिक्षण आणि ऑनलाईन वर्ग : संत जनाबाईंच्या अभंगांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विद्यापीठीय शिक्षणात धर्माला स्थान असावे काय आणि असल्यास कोणत्या स्वरूपात, हा प्रश्न भारतात नवा नाही. राधाकृष्णन आयोगापासून (१९४८-४९) त्याची चर्चा होत आली आहे. ऑनलाईन अध्यापनाचा प्रश्न मात्र मार्च २०२० मध्ये एकाएकी प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. या दोन्ही विषयांवर पुष्कळ लेखन झाले; पण ते दोन वेगळ्या कप्प्यांत झाले. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी ऑनलाईन अध्यापनाची पाहणी केली, मराठी आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी धर्म, मूल्ये व संतविचार यांवर निबंध लिहिले. प्रत्यक्षात हे दोन्ही प्रश्न एकाच तासिकेत एकत्र येतात, आणि ती तासिका बहुधा संतसाहित्याची असते.

परभणी जिल्ह्यापुरते पाहिले तर याचे सर्वांत जवळचे उदाहरण संत जनाबाईंचे आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. दमा आणि करुंड ही आई-वडिलांची नावे परंपरेने जपली आहेत. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि आयुष्यभर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवीत राहिल्या. सुमारे साडेतीनशे अभंग त्यांच्या नावावर आहेत. एका बाजूने त्या वारकरी संप्रदायाच्या श्रद्धास्थान आहेत, दुसऱ्या बाजूने पदवी वर्गाच्या मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेतील एक कवयित्री आहेत. या दोन जनाबाईंमधील अंतर वर्गात कोण राखतो आणि कसे राखतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

धर्मशिक्षण आणि धर्माचा अभ्यास

राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल, तर विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, त्याला त्यात सहभागी व्हायला लावता येत नाही. मराठवाड्यातील बहुसंख्य जुनी महाविद्यालये अनुदानित असल्याने हा दुसरा भाग येथील प्राध्यापकांना अधिक लागू पडतो. तथापि चर्चेत बहुधा पहिल्याच भागाचा उल्लेख होतो.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा भेद केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये डी. ए. व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात त्याला कायदेशीर आकार दिला. गुरुनानक यांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा अभ्यास करण्याची तरतूद विद्यापीठाच्या कायद्यात होती. ती धर्मशिक्षण ठरते, असा आक्षेप होता. एखाद्या पंथाची तत्त्वे, विधी, आचार व उपासनापद्धती मनावर ठसविणे म्हणजे धर्मशिक्षण. थोर संताच्या जीवनाचा आणि विचारांचा संस्कृतीवरील प्रभावाच्या संदर्भात केलेला विद्याभ्यास त्यात मोडत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पुढे २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात न्यायालयाने धर्मांविषयी शिकविण्यास हरकत नसल्याचे म्हटले. त्यावेळी ज्या संसदीय समितीच्या मूल्यशिक्षणविषयक अहवालाचा (१९९९) आधार घेतला गेला, तिचे अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. या प्रश्नाच्या राष्ट्रीय चर्चेत मराठवाड्याचे नाव असे गुंतलेले आहे, याची आठवण आपल्याकडील निबंधांत क्वचितच दिसते.

या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. भेद पाठ्यवस्तूत नाही, तो शिकविण्याच्या रीतीत आहे. जनाबाईंचा तोच अभंग गंगाखेडच्या मंदिरात आणि महाविद्यालयात वाचला जाऊ शकतो. मंदिरात तो श्रवणासाठी असतो, वर्गात तो विचारण्यासाठी असतो. ‘हा अभंग जनाबाईंचाच कशावरून?’ असे विद्यार्थ्याने विचारले आणि प्राध्यापकाने तो प्रश्न फळ्यावर घेतला, की अभ्यास सुरू होतो. प्रश्न विचारण्याची जागाच उरली नाही, तर अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत काहीही छापलेले असो, विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ते धर्मशिक्षणाच्या जवळचेच काहीतरी असते.

पाठाची संदिग्धता आणि एकच अचूक पर्याय

जनाबाईंच्या बाबतीत असे प्रश्न ओढूनताणून आणावे लागत नाहीत. त्यांचे अभंग नामदेवांच्या गाथेत समाविष्ट करण्याची परंपरा आहे आणि खुद्द नामदेवांच्या गाथेतच सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या गेल्याचा वाद जुना आहे. ज्या गाथेत मुख्य कवीच्याच रचना निश्चित करणे अवघड, तिच्यात दासीच्या नाममुद्रेने आलेल्या रचनांचे काय? ख्रिश्चन नोवेट्झके या अमेरिकन अभ्यासकाने नामदेवांवरील २००८ च्या ग्रंथात या अडचणीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. एक लेखक आणि एक संहिता शोधण्यापेक्षा कीर्तनातून शतकानुशतके चालत आलेली सार्वजनिक स्मृती म्हणून नामदेवांच्या परंपरेकडे पाहावे, अशी त्यांची मांडणी आहे. ती सर्वांना पटेल असे नाही. संहितानिश्चितीचे काम स्मृतीच्या नावाखाली सोडून देण्याचा धोका तीत आहेच. परंतु पदवीच्या विद्यार्थ्यासमोर हा मतभेद ठेवला, तर तासिका जिवंत होते.

आशयाच्या अंगानेही हेच दिसते. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे अशी दासीच्या वाट्याची कामे जनाबाईंच्या अभंगांत येतात आणि विठ्ठल त्या कामांत हात लावतो. हे भक्तीचे वर्णन आहे की श्रमाचे? देव दळू लागतो, तेव्हा दासीपणाचे दुःख हलके होते की ते देवाच्याही अंगाला लागते? विठ्ठलाला थेट शिव्याशाप देणारे अभंग आहेत. लोकलाज उघडपणे सोडून भर बाजारात उभे राहण्याची, प्रतिष्ठित स्त्रीत्वाला धक्का देणारी प्रतिमा आहे. संप्रदायातील निरूपणकार तिचा आध्यात्मिक अर्थ लावतात, स्त्रीवादी अभ्यासक तिच्यात जात आणि लिंगभाव यांच्या बंधनांविरुद्धचा उद्गार ऐकतात. दोन्ही अर्थांना अभंगात आधार सापडतो, म्हणून तर त्याचे अध्यापन करावयाचे.

आता हाच अभंग ऑनलाईन आला म्हणजे काय होते ते पाहावे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातील बहुतेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात घेतल्या. परिस्थिती बिकट होती, दुसरा मार्ग सहज उपलब्ध नव्हता. त्या निर्णयाला दोष देण्याचे कारण नाही. दोष पुढील गोष्टीला आहे. संकटकाळातील ही पद्धत ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या अंगवळणी पडली. ‘जनाबाईंचे जन्मस्थान कोणते?’ या प्रश्नाला चार पर्याय देता येतात. ‘जनाबाईंच्या अभंगांचा मुख्य विषय कोणता?’ या प्रश्नालाही चार पर्याय दिले जातात आणि ‘भक्ती’ या पर्यायाला गुण मिळतो. येथे एका वादग्रस्त अर्थाला यंत्राने अचूक उत्तराचा दर्जा दिला. कोणत्याही प्रवचनकाराने न केलेली सक्ती ही प्रश्नपत्रिका करते, कारण प्रवचन न पटणाऱ्या श्रोत्याचे गुण कापले जात नाहीत.

येथे धर्मशिक्षणाच्या परंपरेलाही न्याय द्यावयास हवा. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत विद्यार्थी वर्षानुवर्षे राहून शिकतो, पाठांतर करतो, गुरूसमोर निरूपण करून दाखवितो. ते शिक्षण स्वतःला धर्मशिक्षण म्हणवते आणि तेथे येणारा स्वेच्छेने येतो. ऑनलाईन घटकात ना ही शिस्त असते, ना विद्यापीठीय चिकित्सा.

संशोधनाचा दर्जा

ऑनलाईन अध्ययनावर २०२० नंतर महाविद्यालयीन नियतकालिकांत जे शोधनिबंध आले, त्यांचा साचा परिचयाचा आहे. गूगल फॉर्मवर प्रश्नावली, पाच बिंदूंची मापनश्रेणी, शेकडेवारीची कोष्टके आणि ‘बहुसंख्य विद्यार्थी समाधानी आहेत’ असा निष्कर्ष. (संबंधित साहित्याच्या आढाव्याचे परिच्छेद तर एकमेकांची सख्खी भावंडे वाटावीत इतके सारखे असतात.) यातील पहिली त्रुटी उघड आहे. इंटरनेटवरून पाठविलेली प्रश्नावली ज्यांच्याकडे इंटरनेट आहे तेच भरतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय आढळली होती. संगणक तर ग्रामीण भागात साडेचार टक्क्यांहूनही कमी घरांत होता. नंतर मोबाईलचा प्रसार वाढला हे खरे. परंतु जिंतूर किंवा पालमच्या आडगावातील, घरातला एकच मोबाईल भावाच्या हाती असलेली विद्यार्थिनी या प्रश्नावलीत दिसत नाही, आणि तिची अनुपस्थिती ‘समाधानी’ या रकान्याला फुगवते.

दुसरी त्रुटी अधिक खोल आहे. समाधान मोजणे म्हणजे शिकणे मोजणे नव्हे. संतसाहित्याच्या बाबतीत तर विद्यार्थ्याचे समाधान हे अध्यापन फसल्याचेही लक्षण असू शकते. घरी ऐकलेलेच पुन्हा ऐकायला मिळाले की समाधान वाटणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्याने किती प्रश्न विचारले, एका अभंगाचे किती अर्थ त्याला मांडता आले, श्रद्धावान आणि अश्रद्ध असे दोन्ही विद्यार्थी त्या तासिकेत मोकळेपणाने बोलू शकले काय, यांची नोंद घेणारी पाहणी या साच्यात बसत नाही. अन्य धर्माच्या विद्यार्थ्याचा अनुभव तर जवळजवळ विचारलाच जात नाही. परभणी शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस मोठ्या प्रमाणावर भरतो, जिंतूरजवळ नेमगिरीला जैन लेणी आहेत. अशा जिल्ह्यातील वर्ग एकरंगी असतो असे मानून प्रश्नावली तयार करणे हे संशोधकाने वर्गाकडे न पाहिल्याचेच चिन्ह आहे.

माध्यमाचा दोष किती

तरीही सारा दोष माध्यमावर ढकलणे योग्य होणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठाच्या रचनेत चार अंगे कल्पिली आहेत : दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकानिरसनासाठी चर्चा. चौथे अंग कागदावर आहे. ते चालविण्यासाठी मात्र रोज उत्तरे देणारा शिक्षक लागतो आणि त्याच्या या वेळेची गणना कार्यभारात होत नसेल, तर ते अंग आपोआप वाळते.

दुसरीकडे संगणकानेच जनाबाईंच्या अभ्यासाला एक मोठे दालन उघडून दिले आहे. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या संस्थेमार्फत महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय साठ्याला आकार दिला. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने येत गेला. पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या एका ओवीगायिकेचा आवाजही त्यात आहे. या संग्रहातील बायका जनी आणि विठ्ठल यांना आपल्या जात्याशी बसवितात. गाथेतील जनाबाई आणि जात्यावरची जनी यांचे नाते काय, अभंगातून ओवी आली की ओवीतून अभंग, हे विचारण्याची सोय पूर्वीच्या पिढीतील ग्रंथालयात नव्हती. आज ती मोबाईलवर आहे. छापील पानाने घालविलेला आवाज येथे परत मिळतो. पण हा संग्रह सोडून पाठ्यपुस्तकाची पाने स्लाइडवर चिकटविण्यालाच ई-साहित्य म्हटले जाते.

हा विषय आता केवळ मराठी विभागापुरता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेण्यास मुभा दिली आहे. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एकूण श्रेयांकांपैकी किमान पाच टक्के भारतीय ज्ञानप्रणालीसाठी असावेत, असे सुचविले आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारच्या आराखड्यात महाराष्ट्रातील पदवी वर्गांना ही पत्रिका आली आहे. संतपरंपरा तिच्यात येणे स्वाभाविक आहे. श्रेयांक कमी, विद्यार्थी सर्व शाखांचे, शिकविणारा बहुधा ज्याचा कार्यभार अपुरा तो. अशी पत्रिका ऑनलाईन आणि बहुपर्यायी होण्याचा संभव सर्वाधिक असतो. ती अनिवार्य असेल, तर अनुच्छेद २८ मधील संमतीचा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. न्यायालयाने १९७१ मध्ये दिलेले उत्तर विद्याभ्यासासाठी होते. पर्याय ‘अ’ वर टिचकी मारून दोन श्रेयांक मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला ते लागू पडते काय, हे अभ्यासमंडळांनी प्रश्नपेढी मंजूर करण्यापूर्वी ठरवावयास हवे.