वजनकाट्याचे सदोष वाचन : कर्बोदक-संचय आणि दीर्घ पल्ल्याची धाव

झाईपासून वसईपर्यंतच्या पालघर किनारपट्टीवर भात हे प्रमुख अन्न आहे. वसई-विरार मॅरेथॉनसारख्या ४२.१९५ किलोमीटरच्या स्पर्धेपूर्वी दोन-तीन दिवस धावपटूने भात वाढविला की वजनकाटा एक-दोन किलो अधिक दाखवितो. या वाढीला चरबी समजून भात वर्ज्य करण्याचा उपदेश केला जातो. हा उपदेश शरीरक्रियाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. ही वाढ मुख्यत्वे पाण्याची असते, हे ओल्सन व साल्टिन यांनी १९७० मध्ये दाखविले. उलट, एक किलो चरबी साठण्यास सुमारे ७,७०० अतिरिक्त कॅलरी लागतात. धावेनंतर स्नायूंना आलेल्या सुजेमुळेही वजन काही दिवस चढे राहू शकते.

तथापि प्रत्येक वाढ निरुपद्रवी मानणे ही दुसरी चूक ठरेल. धावेदरम्यानच वजन वाढल्यास ते अतिरिक्त पाणी प्यायल्याचे लक्षण असते. त्यातून रक्तातील सोडियम घटून जीव धोक्यात येऊ शकतो. सारांश, आकड्यापेक्षा तो केव्हा वाढला, हे अधिक महत्त्वाचे आहे. ऐन स्पर्धेआधी भात सोडणारा धावपटू चरबी नव्हे, इंधन गमावतो.