शेपर्ड यांचा कोश आणि वेसाव्याच्या गल्ल्या

सॅम्युएल शेपर्ड यांचें ‘बॉम्बे प्लेस-नेम्स अँड स्ट्रीट-नेम्स’ हें 1917 सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक मुंबईच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. पुढें टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक झालेल्या या गृहस्थांनीं रस्त्यांचीं नांवें वर्णानुक्रमानें लावून एकेकाचा माग काढला. एका नांवाच्या दोन-तीन व्युत्पत्त्या मिळाल्या तर त्या शेजारीं शेजारीं मांडल्या. निकालाची घाई केली नाहीं. हा संयम आमच्या स्थलनामपंडितांत विरळा. आमच्याकडे प्रत्येक गांवीं पांडव, नाहीं तर प्रभु रामचंद्र, एक रात्र तरी राहून गेलेले असावे लागतात!

हा कोश मीं नुकताच पुनः उघडला तो वेसाव्यासाठीं. सरकारी कागदांत त्याला वर्सोवा म्हणतात. एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, तेथील मांडवी गल्लीचा लग्नाच्या मांडवाशीं कांहीं संबंध आहे काय? अर्धें उत्तर कोशांत मिळालें. मुंबई बेटावरील मांडवी म्हणजे जकातीचें ठाणें, गलबतांवरचा माल उतरण्याची जागा. परंतु विद्यार्थ्याची मांडवी तेथें नाहीं. शेपर्ड यांचें जग माहीमच्या खाडीपाशीं संपतें. साष्टी त्यांच्या लेखीं मुंबई नव्हती, आणि तेव्हां तें खरेंही होतें. शहराची हद्द उत्तरेकडे सरकली ती 1950 व 1957 सालीं. कोश मात्र जेथल्या तेथें राहिला.

वेसावें हें जुनें बंदर. खाडीपलीकडे मढचा किल्ला. पोर्तुगीजांचा येथील अंमल चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत, 1739 सालीं, संपला; 1774 च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली. अशा गांवांत ‘मांडवी’ हें नांव बंदराच्या वहिवाटीची खूण असण्याचा बराच संभव आहे. बाजार गल्ली, डोंगरी गल्ली यांचाही असाच विचार व्हावयास हवा. वेसावें म्हणजे विसावा, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. ही व्युत्पत्ति इतकी गोड आहे कीं, तिजवर माझा विश्वास बसत नाहीं.

नांवें वस्तूंपेक्षां चिवट असतात, आणि चंचलही. ‘सात बंगल्यां’पैकीं बहुतेक पडले, नांव उरलें. उलट 2014 सालीं मेट्रोच्या स्थानकावर ‘वर्सोवा’ ही पाटी लागली. तें स्थानक सात बंगल्याच्या बाजूस आहे, आणि कोळीवाड्यास जावयाचें तर तेथून पुढें रिक्षा करावी लागते.

शेपर्ड यांच्या पद्धतीची मर्यादा खरी कळते ती स्मशानांपाशीं. ही पद्धति मुख्यतः कागदावर चालते. इंग्रजांची पहिली दफनभूमि मेंढॅम्स पॉइंट येथें होती. अठराव्या शतकांत ती सोनापुराकडे नेण्यांत आली. पहिल्या जागेचा मागमूस राहिला नसतांही तिचा इतिहास लिहितां येतो, कारण त्या लोकांनीं दगडावर कोरलें तें दप्तरांतही टिपलें. सोनापूर तर आमच्या बोलण्यांतच मुरलें. तें गांठणें म्हणजे मरणें. मराठी कानास त्यांत सोनें ऐकूं येतें, हिंदुस्थानी कानास निजणें. परंतु जेथें प्रेत दहन होतें, किंवा तान्हें मूल पुरून वर नुसता धोंडा ठेवतात, तेथें कोशकारानें काय वाचावें? अंधेरीजवळ कोंडिविट्यास जेसुइटांनीं 1579 सालीं बांधलेलें सेंट जॉन बाप्टिस्टचें चर्च साथीमुळें 1840 सालीं सोडून द्यावें लागलें. त्याच्या पडक्या भिंती आज सीप्झच्या कुंपणाआड आहेत. चर्चच्या फरशीखालीं व आवारांत पुरण्याची त्या काळची रीत ध्यानांत घेतली म्हणजे त्या कुंपणाआड केवळ भिंतीच नसाव्यात असें वाटतें.

गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचें वर्णन’ या 1863 सालच्या ग्रंथांत पायीं हिंडणाऱ्या माणसाचे डोळे-कान आहेत. वेसाव्यास शेपर्ड यांचा संयम व माडगांवकरांचे पाय, दोन्ही हवेत.

विद्यार्थ्याला घेऊन मी तेथें गेलों. मासळीची रिकामी पाटी घेऊन परतलेल्या एका वृद्ध कोळिणीला त्यानें विचारलें, ‘आजी, ही गल्ली कोठपर्यंत?’ ती म्हणाली, ‘सरकारची सांगूं, कीं आमची?’ आम्हीं दोन्ही हद्दी लिहून घेतल्या. दोहोंत चाळीस पावलांचें अंतर पडलें. जुनें स्मशान कोठें होतें, हें मीं निघतांना विचारलें. तिनें समुद्राकडे पाहिलें व म्हणाली, ‘त्यासाठीं ओहोटीला या, मास्तर.’