अभिवृत्तिमापन आणि प्रत्यक्ष वर्तन : उपयोजित सामाजिक मानसशास्त्रातील संख्यात्मक पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक :
उपयोजित सामाजिक मानसशास्त्र सामाजिक प्रश्नांवर उपाय सुचविण्याची जबाबदारी स्वीकारते. साहजिकच त्याच्या निष्कर्षांवर योजना आखल्या जातात आणि निधी खर्च होतो. हे निष्कर्ष बहुतांशी संख्यात्मक असतात व त्या संख्यांचा उगम बहुधा प्रश्नावलीत असतो. महाविद्यालयीन संशोधनात तर पंचबिंदू श्रेणी, सोयीने निवडलेला विद्यार्थ्यांचा नमुना आणि ‘टी’ परीक्षिका हा क्रम रूढच झाला आहे. या पद्धतीवर टीका करताना सामान्यतः संख्याशास्त्रीय उणिवांवर बोट ठेवले जाते. परंतु मूळ दोष त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे काय मोजले आणि कसे विचारले येथे असतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उक्ती आणि कृती :
रिचर्ड लापिएर यांनी १९३० ते १९३२ या काळात एका तरुण चिनी दाम्पत्यासह अमेरिकेत प्रवास केला. तेव्हा तेथे चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह होता. तरीही २५१ उपाहारगृहे व निवासगृहे यांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी प्रश्नावली पाठवून, चिनी वंशाच्या व्यक्तींना प्रवेश देणार का, अशी विचारणा झाली. १२८ उत्तरे आली. उपाहारगृहांपैकी ९२ टक्के व निवासगृहांपैकी ९१ टक्के चालकांनी ‘नाही’ असे कळविले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास उक्ती व कृती यांतील विसंगतीचा पुरावा म्हणून आजही शिकविला जातो.

मात्र हा पुरावाही निर्दोष नाही. प्रश्नावलीला उत्तर देणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष स्वागत करणारी व्यक्ती एकच होती, याची खात्री नव्हती. शिवाय प्रश्न एका वंशाविषयी होता, तर दारात उभे होते ते एक सुसंस्कृत दाम्पत्य आणि त्यांच्यासोबतचे गौरवर्णीय प्राध्यापक. म्हणजेच दोन्ही वेळी मोजलेली गोष्ट भिन्न होती. १९६९ मध्ये ॲलन विकर यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन अभिवृत्ती व वर्तन यांतील सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर जातो, असे दाखविले. ०.३० हा सहसंबंध वर्तनातील जेमतेम ९ टक्के विचरण स्पष्ट करतो. आयझेन व फिशबाइन यांनी १९७७ मध्ये यावर नेमके उत्तर दिले. कृती, लक्ष्य, संदर्भ व काळ या चार बाबतींत प्रश्न आणि वर्तन यांची संगती असेल, तरच सहसंबंध वाढतो. ‘पर्यावरणाविषयी आपले मत काय?’ या प्रश्नावरून एखाद्या कुटुंबाचा वीजवापर कळत नाही, तो या कारणामुळे.

कारणांचे स्वनिवेदन :
प्रश्न नेमका असला तरी आपल्या वर्तनामागील कारण उत्तरदात्याला ठाऊक असेलच, असे नाही. जेसिका नोलन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील ८१० रहिवाशांना वीजबचतीची कारणे विचारली. शेजाऱ्यांचे अनुकरण हे कारण त्यांनी सर्वांत कमी महत्त्वाचे मानले. प्रत्यक्षात शेजारी किती बचत करतात याविषयीच्या समजुतीचा त्यांच्या बचतीशी असलेला सहसंबंध मात्र सर्वाधिक होता. पुढील क्षेत्रीय प्रयोगात घरोघरी वेगवेगळे संदेश देऊन मीटरवरील नोंदी घेण्यात आल्या, तेव्हा शेजाऱ्यांविषयीचा संदेशच सर्वाधिक प्रभावी ठरला. केवळ प्रश्नावलीवर विसंबून मोहीम आखली असती, तर नेमका हाच संदेश वगळला गेला असता.

प्रश्नाचे रूप आणि उत्तराची संख्या :
भारतीय संदर्भात हा मुद्दा अधिक गंभीर आहे. उघड्यावरील शौचाचे प्रमाण मोजताना संपूर्ण कुटुंबासाठी एकच प्रश्न विचारावा की प्रत्येक सदस्याविषयी स्वतंत्र, याची तुलना ग्रामीण भारतातील एका यादृच्छिक प्रयोगात करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सदस्यनिहाय प्रश्न विचारल्यावर आढळलेले प्रमाण सुमारे २० टक्केबिंदूंनी अधिक होते. दोन्ही प्रश्न सोपे होते आणि दोन्हींपासून कोष्टके तयार करता आली असती. परंतु पहिल्या प्रश्नात घरातील एखाद्या वृद्धाची वा तरुणाची सवय कुटुंबाच्या एकत्रित उत्तरात दडून राहते. शौचालय बांधले म्हणजे ते सर्वजण वापरतात, हा समज अशाच संख्यांवर पोसला जातो.

विश्वसनीयता म्हणजे सप्रमाणता नव्हे :
क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा गुणांक ०.७० च्या वर आला की चाचणी प्रमाण मानण्याची प्रथा आहे. हा गुणांक चाचणीतील विधानांच्या परस्परसंबंधाशी निगडित आहे, सत्याशी नव्हे. सामाजिक इष्टतेपोटी सर्वच विधानांना सोयीची उत्तरे मिळाली, तरी अल्फा उत्तम येतो. तसेच नमुना मोठा असल्यास क्षुल्लक फरकही ०.०५ पातळीवर सार्थ ठरतो. त्याचे व्यावहारिक मोल परिणामाच्या आकारमानावरूनच ठरते.

समारोप :
यावरून प्रश्नावली त्याज्य ठरत नाही. लोकांचे मत जाणून घ्यायचे असेल, तेथे ती आवश्यकच आहे. मतावरून वर्तनाविषयी विधान करताना मात्र किमान एक वर्तननिदर्शक नोंद जोडणे अगत्याचे आहे; मग ती मीटरची असो, हजेरीपटाची असो वा निरीक्षणाची. मार्गदर्शकांनी संशोधक विद्यार्थ्याला कोणती परीक्षिका वापरली हे विचारण्यापूर्वी, या उत्तराची खातरजमा अन्य कोणत्या मार्गाने केली, हे विचारावे. आज संगणकामुळे आकडेमोड सुलभ झाली आहे. त्यातून वाचलेला वेळ प्रश्नाच्या घडणीवर खर्च झाल्यास महाविद्यालयीन संशोधनाचे निष्कर्ष समाजाच्या खऱ्या उपयोगी पडतील.